भगिनीमंडळाच्या उंबरठ्यावर पहिली छाप

ऑगस्ट महिन्यात अमेरिकेच्या दक्षिणेकडील विद्यापीठांमध्ये नवे शैक्षणिक वर्ष सुरू होते. वर्ग भरण्याच्या काही दिवस आधीच टस्कलूसा येथील ‘युनिव्हर्सिटी ऑफ अलाबामा’च्या परिसरात अठरा-एकोणीस वर्षांच्या दोन हजारांहून अधिक मुली भर उन्हात एका घरापुढून दुसऱ्या घरापुढे रांगा लावताना दिसतात. दार उघडते, आतील मुली गाणी आणि घोषणांनी स्वागत करतात, काही मिनिटांचे संभाषण होते आणि निरोप घेऊन पाहुण्या मुली पुढच्या घराची वाट धरतात. ‘सोरोरिटी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विद्यार्थिनींच्या मंडळांत प्रवेश मिळविण्याची ही प्रक्रिया होय. पूर्वी तिला ‘रश’ म्हणत. आता ‘रिक्रूटमेंट’ हा शब्द अधिकृतपणे वापरला जातो. २०२१ मध्ये अलाबामातील मुलींनी रोजच्या पोशाखाच्या चित्रफिती ‘टिकटॉक’वर टाकल्या आणि ‘बामा रश’ हा जगभर कुतूहलाचा विषय झाला. २०२३ मध्ये त्याच नावाचा माहितीपटही आला.

या चित्रफिती पाहून अनेकांचा समज होतो, की सारा खेळ कपड्यांचा आणि गोड हसण्याचा आहे. प्रत्यक्षात निवड कशी होते हे समजून घेतले, तर चांगली छाप पाडणे म्हणजे काय, याचे उत्तर बरेच वेगळे येते. न्यू जर्सी, टेक्सास किंवा कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुली आता मोठ्या संख्येने अमेरिकी विद्यापीठांत शिकत आहेत. त्यांच्या आईवडिलांनी स्वतः भारतात शिक्षण घेतलेले असल्याने त्यांना या प्रथेचा अनुभव नसतो. त्यामुळे तिचे अंतरंग जाणून घेणे अगत्याचे ठरते.

दीडशे वर्षांची परंपरा

‘सोरोर’ म्हणजे लॅटिन भाषेत बहीण. एकोणिसाव्या शतकात अमेरिकी महाविद्यालयांची दारे स्त्रियांना हळूहळू खुली होऊ लागली, तेव्हा मूठभर विद्यार्थिनींनी परस्परांच्या आधारासाठी ही मंडळे स्थापन केली. जॉर्जिया राज्यातील मेकन येथील वेस्लियन महाविद्यालयात १८५१ आणि १८५२ मध्ये स्थापन झालेल्या दोन संस्था पुढे ‘अल्फा डेल्टा पाय’ आणि ‘फाय म्यू’ या नावांनी विस्तारल्या. १८७० मध्ये इंडियानात ‘कॅपा अल्फा थीटा’ची स्थापना झाली. ग्रीक अक्षरांची नावे, गुप्त विधी, बोधचिन्ह आणि रंग ही त्यांची वैशिष्ट्ये पुरुषांच्या ‘फ्रॅटर्निटी’वरून घेतलेली आहेत. १९०२ मध्ये या संस्थांनी एकत्र येऊन जी शिखर संघटना उभारली, ती आज ‘नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स’ या नावाने ओळखली जाते. सदस्यनिवडीचे समान नियम ठरविणे हे तिचे एक प्रमुख कार्य होय.

आज सोरोरिटी म्हणजे वसतिगृह, मैत्रिणींचे वर्तुळ, समाजकार्याची संस्था आणि पदवीनंतरही उपयोगी पडणारा ओळखीचा गोतावळा, असे सारे काही असते. सदस्यत्व साधारणतः आयुष्यभराचे मानले जाते. म्हणूनच त्या एका आठवड्याला एवढे महत्त्व येते.

निवड दोन्ही बाजूंनी

ही प्रक्रिया सहसा चार फेऱ्यांत चालते. पहिल्या फेरीत मुलगी सर्व किंवा बहुतेक सोरोरिट्यांना भेटते. दुसऱ्या फेरीत त्या त्या संस्थेचे समाजकार्य आणि तिसऱ्या फेरीत तिचे अंतर्गत जीवन यांचा परिचय होतो. शेवटची ‘प्रेफरन्स’ फेरी गंभीर आणि भावपूर्ण असते. तीत एक किंवा दोनच घरे उरलेली असतात. प्रत्येक फेरीनंतर सोरोरिटीच्या सदस्या आपल्या पसंतीच्या मुली ठरवितात आणि मुलीही आपल्या पसंतीची घरे क्रमाने नोंदवितात. दोन्ही याद्यांची सांगड संगणक घालतो. अखेर ‘बिड डे’ला प्रत्येकीच्या हाती निमंत्रणाचा लिफाफा पडतो.

मराठी वाचकाला येथे कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाची आठवण झाली तर नवल नाही. थोड्या वेळात एकमेकांना पारखणे, घरच्यांनी आधीच चौकशी करून ठेवणे आणि निरोपाची धाकधूक हे सारे येथेही आहे. फरक असा, की येथे एका बाजूला शेकडो मुली आणि दुसऱ्या बाजूलाही शेकडो सदस्या असतात, आणि नकाराचे कारण कोणीही सांगत नाही.

नकारामागचे गणित

हा नकारच मुलींच्या जिव्हारी लागतो. मात्र, त्यामागे बहुधा व्यक्तिगत नापसंतीपेक्षा गणित अधिक असते. समजा, एका विद्यापीठात दहा सोरोरिट्या आहेत आणि पाचशे मुली आल्या आहेत. प्रत्येकीच्या वाट्याला सुमारे पन्नास नव्या सदस्या येतील. ज्या सोरोरिटीला बोलावलेल्यांपैकी जवळजवळ सर्व मुली पुन्हा येतात असा मागील वर्षांचा अनुभव आहे, तिला पहिल्याच फेरीनंतर मोठ्या संख्येने मुली वगळाव्या लागतात. जिच्याकडे परत येणाऱ्यांचे प्रमाण कमी, तिला अधिक मुलींना बोलावता येते. कोणी किती निमंत्रणे द्यावीत, हा आकडा पूर्वीच्या नोंदींवरून काढला जातो. ही पद्धत मुलींच्याच हिताची आहे. अन्यथा लोकप्रिय सोरोरिट्या शेवटपर्यंत अनेकींना आशेवर ठेवतील आणि अखेरच्या दिवशी त्यांच्या हाती काहीच लागणार नाही.

याचा व्यावहारिक अर्थ असा, की संभाषण उत्तम होऊनही दुसऱ्या दिवशीच्या यादीत ते घर नसू शकते. त्यावरून मुलीने आपल्या वागण्यात खोट शोधत बसू नये. उरलेल्या घरांत उदास चेहऱ्याने जाणे हीच तिची खरी चूक ठरते. कारण तेथील सदस्यांना ती उदासी म्हणजे आपल्याविषयीची अनास्था वाटते.

दाराआधीची तयारी

पहिली छाप पडते ती दार उघडण्यापूर्वीच. नावनोंदणी करताना शाळेतील गुण, उपक्रम, समाजकार्य आणि छायाचित्र द्यावे लागते. बहुतेक संस्थांची गुणांची किमान अट असते आणि ती पूर्ण न झाल्यास पुढील आकर्षकपणाला अर्थ उरत नाही. अर्जातील माहिती नेमकी असावी. ‘समाजकार्याची आवड आहे’ या वाक्यापेक्षा ‘दोन वर्षे दर रविवारी मराठी शाळेत लहान मुलांना शिकवले’ हे वाक्य संभाषणाला धागा पुरवते. समाजमाध्यमांवरील खातीही सदस्या पाहतात, हे गृहीत धरूनच ती नीटनेटकी करावीत.

पूर्वी माजी सदस्यांच्या शिफारसपत्रांना मोठे वजन असे. आई किंवा आजी सदस्य असलेल्या मुलीलाही झुकते माप मिळे. २०२० नंतरच्या काळात अनेक राष्ट्रीय संस्थांनी शिफारसपत्राची अट आणि वारसाहक्काचे प्राधान्य रद्द केले. ज्यांच्या घरात ही परंपरा नाही, अशा स्थलांतरित कुटुंबांतील मुलींसाठी हा बदल महत्त्वाचा आहे.

पोशाखाबाबत प्रत्येक फेरीसाठी सूचना दिलेल्या असतात. त्या पाळाव्यात, पण महागडी नाममुद्रा हे यशाचे गमक नव्हे. उन्हात दिवसभर चालावे लागते. त्यामुळे पायाला सवय असलेली पादत्राणे, पाण्याची बाटली आणि घाम टिपायला रुमाल यांचे मोल अधिक. टाच चावणाऱ्या बुटांनी त्रासलेली मुलगी मोकळेपणाने हसू शकत नाही, ही साधी बाब अनेकींना तिसऱ्या दिवशी उमगते.

काही मिनिटांचे संभाषण

घरात शिरल्यावर एक सदस्य मुलीशी बोलू लागते; थोड्या वेळाने दुसरी येऊन तिची जागा घेते. मुलगी गेल्यावर या सदस्या तिच्याविषयीचे मत नोंदवितात. शेकडो मुलींमधून लक्षात राहते ती जिच्या बोलण्यात एखादा ठोस तपशील होता ती. ‘कुठली?’ या प्रश्नाला केवळ शहराचे नाव सांगितले की संभाषण तेथेच थांबते. त्या शहरातील ढोल-ताशा पथकात आपण ताशा वाजवतो, असे सांगितले की समोरची मुलगी आपसूकच पुढचा प्रश्न विचारते. आपली भाषा, सण किंवा खाद्यपदार्थ लपविण्याची गरज नसते. ते समोरच्याला समजेल अशा दोन वाक्यांत सांगता येणे मात्र आवश्यक असते.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रश्न विचारणे. ‘तुम्हाला येथे काय आवडते?’ हा प्रश्न प्रत्येक सदस्येने त्या दिवशी अनेकदा ऐकलेला असतो. ‘पहिल्या सत्रात अभ्यास जड गेला तेव्हा येथे कोणी मदत केली?’ किंवा ‘येथील दोन सदस्यांत भांडण झाले तर ते कसे मिटते?’ असे प्रश्न दोन गोष्टी साधतात. मुलगी विचारपूर्वक निवड करीत आहे हे दिसते आणि तिला खरी माहितीही मिळते. मुलगे, मद्य, धर्म, राजकारण आणि पैसा हे पाच विषय टाळावेत, असा एक प्रचलित संकेत आहे. दुसऱ्या सोरोरिटीची निंदा आणि ऐकीव गप्पा यांपासूनही दूर राहावे. निंदेचे शब्द फिरून योग्य त्या कानांपर्यंत पोहोचतातच.

प्रत्येक गटाबरोबर एक मार्गदर्शक विद्यार्थिनी असते. ती स्वतः कोणत्या सोरोरिटीची आहे, हे त्या काळात ती उघड करीत नाही. मनातील गोंधळ तिच्यापाशी बोलावा.

सही करण्यापूर्वी

शेवटच्या फेरीनंतर मुलगी पसंतिक्रमाच्या करारावर सही करते. येथे अनेकींची गफलत होते. नोंदविलेल्या सोरोरिटीकडून निमंत्रण आले आणि ते नाकारले, तर त्या विद्यापीठात पुढील मुख्य निवडीपर्यंत, म्हणजे सुमारे वर्षभर, या संघटनेच्या दुसऱ्या कोणत्याही सोरोरिटीत प्रवेश मिळत नाही. उलटपक्षी, उरलेल्या दोन घरांपैकी केवळ एकच नाव लिहिणाऱ्या मुलीला रिकाम्या हाताने परतण्याचा धोका असतो. जेथे खरोखर राहता येईल अशीच, पण अशी सर्व नावे लिहावीत, हाच शहाणपणाचा मार्ग.

खर्चाची चौकशीही याआधीच व्हावी. वार्षिक वर्गणी, नव्या सदस्येचे शुल्क, घरातील भोजन आणि निवास यांचा एकत्रित आकडा मोठ्या विद्यापीठांत हजारो डॉलरवर जातो. संभाषणात पैशाचा विषय टाळण्याचा संकेत असला, तरी विद्यापीठाच्या संबंधित कार्यालयाकडून हा तपशील मागण्यात गैर काहीच नाही. रॅगिंगची भीती पालकांच्या मनात असते, तीही रास्त आहे. निवडप्रक्रियेत तसे काही नसते. धोका असलाच तर तो नव्या सदस्यांच्या पुढील काही आठवड्यांत संभवतो. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत संमत झालेल्या संघीय कायद्यानुसार, विद्यापीठांना अशा प्रकारांची आणि दोषी ठरलेल्या संघटनांची माहिती जाहीर करणे बंधनकारक झाले आहे. ती वाचूनच निर्णय घ्यावा.

छाप पाडूनही बंद राहिलेली दारे

छाप कितीही चांगली पडली तरी दार उघडतेच असे नाही, हेही इतिहास सांगतो. अलाबामा विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा प्रवेश १९६३ मध्ये पक्का झाला. त्यानंतर ५० वर्षांनी, सप्टेंबर २०१३ मध्ये, तेथील ‘द क्रिमसन व्हाइट’ या विद्यार्थी वृत्तपत्राने उघडकीस आणले, की उत्तम गुण असलेल्या कृष्णवर्णीय मुलींना पारंपरिक श्वेतवर्णीय सोरोरिट्यांनी नाकारले होते, आणि काही ठिकाणी सदस्यांची इच्छा असतानाही माजी सदस्यांनी आडकाठी केल्याचा आरोप झाला. देशभर टीका झाल्यावर विद्यापीठाने निवड पुन्हा खुली करायला लावली.

अशा भेदभावातूनच समांतर संस्थाही उभ्या राहिल्या. हॉवर्ड विद्यापीठात १९०८ मध्ये स्थापन झालेली ‘अल्फा कॅपा अल्फा’ ही कृष्णवर्णीय विद्यार्थिनींची पहिली सोरोरिटी. अमेरिकेच्या माजी उपाध्यक्ष कमला हॅरिस तिच्या सदस्य आहेत. १९९८ मध्ये टेक्सासमध्ये ‘कॅपा फाय गामा’ आणि ‘डेल्टा फाय ओमेगा’ या दक्षिण आशियाई विद्यार्थिनींच्या सोरोरिट्या स्थापन झाल्या. त्यांचा आकार लहान आणि निवडीची पद्धत अनौपचारिक असते. दिवाळीला घरापासून दूर असणाऱ्या मुलीला तेथे आपलेपणा लवकर वाटू शकतो; मात्र केवळ त्याच कारणाने तिने इतर दारे स्वतःहून बंद करू नयेत.

लिफाफा मिळाला नाही, तरी वाटा संपत नाहीत. मुख्य निवडीनंतर जागा शिल्लक असलेल्या सोरोरिट्या वर्षभर सदस्य घेत राहतात, आणि विद्यापीठांत नाट्य, क्रीडा, वादविवाद, समाजसेवा अशा अनेक संस्था असतात. त्या आठवड्यातील मताची नोंद काही मिनिटांच्या भेटीवर आधारलेली असते, याचे भान मुलीने आणि तिच्याहून अधिक तिच्या पालकांनी ठेवायला हवे. जी मुलगी जशी आहे तशी सामोरी जाते, तिला कदाचित कमी घरे निवडतील. पण जे घर निवडेल तेथे पुढची चार वर्षे तिला मुखवटा सांभाळत राहावे लागणार नाही.