टाळूच्या ऑपरेशननंतर छिद्र राहिलं तर? कधी थांबायचं, कधी धावायचं

बाळाच्या दुभंगलेल्या टाळूचं ऑपरेशन व्यवस्थित पार पडतं. टाके विरघळतात, सगळे घरी येतात. दोन-तीन आठवड्यांनी दूध पाजताना ते अचानक नाकातून बाहेर येतं. टॉर्च लावून बघितलं तर टाळूवर ज्वारीच्या दाण्याएवढं छिद्र दिसतं.

किंवा एखाद्याची वरची दाढ काढलेली असते आणि चूळ भरताना पाणी नाकातून येतं.

तक्रार एकच. दोन्हींसाठी डॉक्टरांकडून ऐकू येणारा शब्दही एकच, 'फिस्टुला'. म्हणजे तोंड आणि नाक (किंवा नाकाशेजारची सायनसची पोकळी) यांना जोडणारी, नको असलेली वाट. पण उपचारांचं घड्याळ मात्र दोन्हीकडे उलटं चालतं. दाढेच्या छिद्रासाठी लगेच धावायचं असतं, बाळाच्या छिद्रासाठी बहुतेकदा अनेक महिने थांबायचं असतं. घोळ होतो तो इथेच.

(घरातल्या आजीला आधी हे सांगा: ही 'टाळू' तोंडाच्या छताची. डोक्यावरची, तेल घालून भरायची टाळू वेगळी.)

बाळाच्या टाळूला पुन्हा छिद्र का पडतं?

टाळूचं ऑपरेशन म्हणजे फाटलेलं कापड शिवणं नव्हे. नाकाकडचं अस्तर, मधले स्नायू आणि तोंडाकडचं अस्तर असे थर वेगवेगळे सोडवून मध्यभागी आणावे लागतात. फट जितकी रुंद, तितका टाक्यांवर ताण जास्त. ताण आला की कडेचा रक्तपुरवठा कमी होतो आणि तिथलं शिवलेलं उसवतं. जंतुसंसर्ग झाला, आत रक्त साकळलं किंवा बाळाने तोंडात चमचा वा खेळणं खुपसलं, तरी तेच होतं.

पुढची कडक टाळू आणि मागची मऊ टाळू जिथे मिळतात, तिथे हे छिद्र बऱ्याचदा पडतं, कारण ताण तिथे मोठा असतो. अनुभवी सर्जनच्या हातूनही असं होतं. 'आईनं नीट पाजलं नाही म्हणून झालं' हे वाक्य अशा घरांत हमखास ऐकू येतं. त्याला बहुतेक वेळा काही आधार नसतो.

ते आपोआप भरतं का?

कधी कधी भरतं. जखम ताजी असताना ती आतून आकसत जाते, त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांत दिसलेलं बारीक छिद्र बंद होऊ शकतं.

पण एक मर्यादा आहे. कान टोचल्यावर काय होतं आठवा. सुरुवातीला काडी काढली तर भोक बुजतं. काही काळाने मात्र भोकाच्या आतून त्वचा तयार होते आणि मग ते सहसा बुजत नाही. टाळूचंही तसंच आहे. छिद्राच्या कडेला आतून अस्तर आलं की शरीराच्या दृष्टीने ती जखम राहतच नाही. मग हळद, तुरटी, मध काहीही लावलं तरी उपयोग नसतो. उलट ताज्या टाक्यांवर असं काही चोळलं तर नुकसान होतं, आणि एक वर्षाखालच्या बाळाला मध तर द्यायचाच नसतो.

मग लगेच पुन्हा शिवत का नाहीत?

पालकांना हे पटायला सर्वांत अवघड जातं. नुकतंच ऑपरेशन झालेली टाळू सुजलेली आणि नाजूक असते. अशा मांसात टाके धरत नाहीत आणि छिद्र आधीपेक्षा मोठं होण्याची भीती असते. व्रण मऊ पडायला, रक्तपुरवठा सुधारायला साधारण सहा महिने लागतात. काही सर्जन वर्षभरही थांबतात. दुरुस्तीनंतर छिद्र पुन्हा उघडण्याचा धोका पहिल्या ऑपरेशनपेक्षा जास्त असतो, म्हणून ती संधी घाईत वाया घालवू नये. 'डॉक्टर टाळाटाळ करतायत' असं वाटून दुसरीकडे लगेच ऑपरेशन करून घेणं महागात पडू शकतं.

याला अपवाद आहेत. पहिल्या काही दिवसांत तोंडातून ताजं रक्त येत असेल, टाके एकदम उसवले असतील, ताप असेल किंवा बाळ काहीच पीत नसेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

थांबण्याच्या काळात खाणं डॉक्टरांनी सांगितलेल्या क्रमानेच वाढवा: पेज, वरणाचं पाणी, नाचणीचं सत्त्व, मग खिमट. बिस्किटाचा तुकडा, चिवडा, चकली नको. दूध बाळाला बसतं धरून पाजा आणि नंतर थोडं पाणी द्या, म्हणजे छिद्रात अन्न अडकत नाही. छिद्र मोठं असेल तर दातांचे डॉक्टर मापाची प्लेट करून देतात. ती कवळीसारखी बसते आणि वाट तात्पुरती झाकते.

प्रत्येक छिद्र बंद करावंच लागतं का?

नाही. छिद्र बारीक आहे, नाकातून काही येत नाही, बोलणं स्वच्छ आहे, तर नुसतं लक्ष ठेवलं तरी चालतं. मूल 'बाबा' म्हणताना 'मामा' ऐकू येत असेल, प-ब-ट-क म्हणताना हवा नाकातून निसटत असेल, तर तपासणी हवी. इथेही एक मेख आहे. दोष छिद्राचाच असेल असं नाही. मऊ टाळू मागे घशाला टेकत नसेल तरी आवाज नाकातून येतो. म्हणून तज्ज्ञ छिद्र तात्पुरतं झाकून मुलाला बोलायला लावतात. झाकूनही फरक पडला नाही, तर नुसतं छिद्र शिवून बोलणं सुधारणार नाही.

आणखी एक गोष्ट पालकांना आधी सांगितली जात नाही आणि नंतर धक्का बसतो. हिरडीतली, अगदी पुढची फट अनेकदा मुद्दाम तशीच ठेवतात. साधारण 8 ते 11 वर्षांच्या वयात तिथे हाडाचं रोपण होतं, तेव्हा ती बंद करतात. हे बिघडलेलं ऑपरेशन नव्हे.

दुरुस्ती कशी करतात?

छोट्या छिद्राच्या कडेचं अस्तर कापून आत उलटवतात आणि वरून शेजारच्या टाळूचा थर सरकवतात. दोन थर हवेतच. मोठ्या छिद्राला गालाच्या आतला भाग किंवा गालातली चरबी वापरतात. फारच मोठं असेल तर जिभेची पट्टी, तीही जिभेला जोडलेलीच ठेवून, टाळूला शिवतात. दोन-तीन आठवड्यांनी तिला टाळूकडून रक्त मिळू लागलं की जीभ सोडवतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण ही पद्धत जुनी आणि रुळलेली आहे.

दाढेचं छिद्र: इथे मात्र धावा

वरच्या दाढांची मुळं सायनसच्या अगदी जवळ असतात. दाढ काढताना मधलं पातळ हाड गेलं की वाट उघडते. दोन मिलिमीटरपेक्षा लहान छिद्र रक्ताच्या गाठीनेच बहुधा भरतं. मोठं असेल तर शक्यतो पहिल्या 24 ते 48 तासांत बंद केलेलं चांगलं. दोन-तीन आठवडे गेले की कानाच्या भोकासारखं अस्तर येतं, सायनसमध्ये जंतुसंसर्ग होतो आणि मग आधी तो आटोक्यात आणूनच शिवता येतं.

या दिवसांत नाक शिंकरू नका, शिंक आली तर तोंड उघडून द्या, स्ट्रॉने पिऊ नका. बिडी-सिगारेट, तंबाखू, मिश्री बंद. नाक दाबून 'हवा येते का' हे घरी पुन्हापुन्हा बघू नका, तेवढ्यानेही गाठ निघते.

2021 मध्ये म्युकरमायकोसिसमुळे ज्यांचा वरचा जबडा काढावा लागला, त्यांचं छिद्र या दोन्ही प्रकारांत बसत नाही. तिथे बहुतेकदा टाळू झाकणारी खास कवळीच उपयोगी पडते. जखम आकसते तशी ती बदलावी लागते.

खर्चाचं काय?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दुभंगलेला ओठ आणि टाळूचा समावेश आहे. अंगणवाडी किंवा शाळेच्या तपासणी पथकाकडे, नाहीतर जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. 'स्माईल ट्रेन'सारख्या संस्थांच्या सहयोगी रुग्णालयांतही मोफत शस्त्रक्रिया होतात. विचारताना 'दुसऱ्या ऑपरेशनचा आणि वाचा-उपचारांचा खर्च यात धरलाय का' हे स्पष्ट विचारा, आणि पहिल्या ऑपरेशनचे कागद सोबत न्या. आधी कोणता थर कुठून घेतला होता, हे नव्या सर्जनला त्यातूनच कळतं.