कट्टीविना गेलेली पावणेदोन वर्षे

मार्च २०२० मध्ये करोनाची साथ पसरू लागली, प्लेगच्या साथीपायी १८९७ साली झालेल्या साथरोग कायद्याच्या आधारे राज्यात निर्बंधांचे हुकूम निघाले आणि २५ तारखेपासून देशभर टाळेबंदीचा अंमल सुरू झाला, तेव्हा बाजार, कचेऱ्या, आगगाड्या, देवळे या साऱ्यांचा विचार त्या फर्मानांतून कलमवार झाला होता. परंतु जिला कालपर्यंत चाळीच्या गॅलरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत धावण्याची मुभा होती, त्या चार वर्षांच्या मुलीला आज उंबऱ्याबाहेर पाऊल टाकण्यास मज्जाव का, हे तिला उमगेल अशा शब्दांत सांगण्याचे काम घरातल्या, स्वतःच भेदरलेल्या, मोठ्या माणसांच्या वाट्याला आले.

आमच्या शेजारची अशीच एक मुलगी. वर्षभरापूर्वी सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय तिला पुन्हा जडली, आई मोरीत गेली तरी ती पदर सोडीना आणि वडील दूध आणायला निघाले की दाराला पाठ लावून उभी राहू लागली. घरच्यांनी याला हट्ट म्हटले, क्वचित एखादा धपाटाही दिला. मानसशास्त्रात याला प्रतिगमन म्हणतात: भय असह्य झाले आणि ते सांगायला शब्द नसले, की मूल मागे सरून अशा वयाचा आश्रय घेते, ज्या वयात त्याला मागितल्यावाचून कुशीत घेतले जात होते. चीनच्या शान्शी प्रांतात फेब्रुवारी २०२० मध्ये ३ ते १८ वर्षे वयाच्या ३२० मुलांची पाहणी झाली, तीतही आईबापांना बिलगून राहणे, चित्त न लागणे आणि चिडचिड हीच लक्षणे ठळकपणे आढळली. म्हणजे शेजारच्या खोलीतले ते रडे केवळ लाडावलेपणाचे नव्हते.

त्या मुलीची एक कापडी बाहुली होती. एका दुपारी दाराच्या फटीतून मी पाहिले, तर तिने बाहुलीच्या तोंडावर हातरुमाल बांधला होता, तिला पाटाखाली निजवले होते आणि ताटलीत चुरमुरे घालून ती ताटली हाताने नव्हे, तर लांबच्या लांब फूटपट्टीने आत सरकवीत ती समजावीत होती, “रडू नकोस हं, चौदा दिवसच.” जे भय आपल्यावर सत्ता गाजवीत होते, त्याच्यावर ती बालिका त्या क्षणी स्वतःची सत्ता चालवून पाहत होती, आणि अशा खेळात मोठ्यांनी ‘हे काय अभद्र’ म्हणून विघ्न आणू नये, असे मला तेव्हाही वाटले व आजही वाटते.

शाळा बुडाली याची चर्चा पुष्कळ झाली. पण माझ्या मते अधिक मोठे नुकसान कट्टीचे झाले. करंगळी पुढे करून कट्टी घेणे, दोन दिवस तोंड फिरवून बसणे, मधल्या सुट्टीत डब्यातल्या लाडवाच्या निमित्ताने बट्टी करणे, या व्यवहारात मूल राग गिळायला, अपमान पचवायला आणि तुटलेले पुन्हा जोडायला शिकते. आईबाप हा अभ्यास घेऊ शकत नाहीत, कारण ते लवकर नमते घेतात किंवा लवकर दटावतात. मोबाईलच्या पडद्यावर तर बाईंनी एक कळ दाबली की वर्गभर शांतता. मोठ्या मुलांचे दुःख निराळे होते, अबोल आणि दार लावून घेणारे. ज्या घरांत जेवणाझोपेच्या वेळा पाळल्या गेल्या आणि आजीच्या दुखण्याबद्दल मुलाला थोडक्या शब्दांत पण खरे सांगितले गेले, तिथे ते काहीसे सुसह्य झाले; दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे कोंडली असता हे साधणे किती कठीण, हे मात्र उपदेश करणाऱ्यांनी विसरू नये.

मुंबईत पहिली ते सातवीचे वर्ग १५ डिसेंबर २०२१ रोजी उघडले. ती मुलगी तोवर पहिलीत गेली होती आणि वर्ग म्हणजे काय ते तिने प्रथमच पाहिले. आठवड्याभराने जिना चढता चढताच ती आईला ओरडून सांगत आली, “आई, माझी आज कट्टी झाली!” आणि आईने हातातले लाटणे तसेच ठेवून तिला विचारले, “कुणाशी गं?”