नवी आवृत्ती, जुनी आवृत्ती

पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर अडला की अंध माणसाचं संगणकावरचं कामच अडतं. म्हणून ‘नवं आलंय, घेऊन टाका’ हा सल्ला मला उथळ वाटतो. एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरची २०१९.३ आवृत्ती पायथन ३ वर गेली आणि जुनी अ‍ॅड-ऑन सुधारून येईपर्यंत निरुपयोगी ठरली. मग जुन्यालाच चिकटून राहावं? तेही परवडत नाही: ब्राउझर पुढे जातो, सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत. (विंडोज ७ वाल्यांचा नाइलाज; २०२४.१ आवृत्तीपासून त्यांचा आधारच सुटला.) त्यापेक्षा जुनी आवृत्ती न काढता नव्या आवृत्तीची पोर्टेबल (इन्स्टॉल न करता चालणारी) प्रत करावी आणि रोजचा ईमेल, एक्सेलमधला तक्ता, मराठी जोडाक्षरांचे उच्चार तिच्यावर तपासावेत. प्रशासकीय परवानगीच्या खिडक्या ही प्रत वाचत नाही; तेवढी चाचणी अपुरीच राहते.