घरांतील रिकामें माणूस

गेल्या वैशाखांत आमच्या घरीं समाचारास आलेल्या एका स्नेह्यांनीं चहाचा पेला खालीं ठेवीत मोठ्या समाधानानें म्हटलें, "मास्तर, दुखणें मोठें खरें; पण घरांत एक माणूस रिकामें आहे, हें तुमचें केवढें भाग्य!" आम्हींही मान डोलाविली. ज्या माणसाविषयीं हें बोलणें झालें तें माणूस, म्हणजे आमची पुतणी, त्या वेळीं शेजारच्या खोलींत आईच्या गोळ्या वारांच्या डबींत लावीत होती, व तिच्यासमोर संगणकावर एका महाविद्यालयाच्या नोकरीचा अर्ज अर्धा भरलेला होता. मधलें दार उघडें होतें.

प्रस्तुत मासिकाच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं आजही चार कर्तीं माणसें एकत्र नांदतात. अशा घरांत कोणी प्रबंध लिहिणारें, कोणी नोकरी शोधणारें असें एखादें असतेंच. आणि दुखणें आलें कीं तें पहिल्यानें त्याच माणसाच्या वांट्यास जातें. तें कसें जातें हें आम्हीं आमच्याच घरीं पाहिलें, व पाहण्यास आम्हांस फार उशीर लागला.

पुतणीचें वय एकोणतीस. इतिहास घेऊन एम्. ए. झाली, सेट परीक्षा उतरली, आणि पीएच्. डी. च्या प्रबंधाचें तिचें हें पांचवें वर्ष. विषय पेशवेकालीन पुण्याच्या पाणीपुरवठ्याचा. नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत कात्रजच्या तलावाचें पाणी बंदिस्त नळानें शहरांतील हौदांपर्यंत आणलें, हें पुणेकरांस ठाऊक आहे. परंतु त्या नळाची दुरुस्ती कोणीं करावयाची, हौदावर हक्क कोणाचा, असल्या गोष्टी शोधावयाच्या तर पुराभिलेखागारांतील पेशवे दफ्तराचे रुमाल सोडून बसावें लागतें. तें उघडें असतें कचेरीच्या वेळांत, आणि लिपि मोडी. मोडी ज्यांनीं वाचली आहे त्यांस माहीत असेल कीं तींत शब्द सुटे लिहीत नाहींत. लेखणी फारशी न उचलतां ओळ चालत राहते, व शब्द कोठें तुटतो हें वाचणाऱ्यानें अर्थावरून ठरवावयाचें. मध्येंच कोणीं हांक मारली तर अर्थाचा धागा सुटतो आणि ओळ पुनः आरंभापासून धरावी लागते. आम्ही स्वतः लहानपणीं वडिलांच्या हाताखालीं मोडी गिरविली आहे. तरीही दिवसांतून दहा वेळां तिला हांक मारणाऱ्यांत आम्हीच पुढें होतों.

तिची आई, म्हणजे आमची धाकटी भावजय, हिचीं मूत्रपिंडें मधुमेहानें निकामी झालीं. तेव्हांपासून मंगळवार, गुरुवार व शनिवार असे आठवड्यांतून तीन दिवस डायलिसिस. सकाळीं सातास यंत्रावर घेतात. चार तास रक्त शुद्ध होत राहतें. मग सुयांच्या जागा दाबून धरणें, वजन पाहणें, रक्तदाब उतरला असल्यास थोडा वेळ पडून राहणें, असें करीत घरीं येईतों एक वाजतो. येथें सवलत नाहीं. अर्ज उद्यां पाठवूं, प्रकरण पुढच्या महिन्यांत लिहूं, असें म्हणतां येतें. रक्तांतील विष मात्र उद्यांची वाट पाहत नाहीं. शिष्यवृत्तीची मुदत संपलेली, आणि बापाची नोकरी बँकेंतील. तेव्हां तिन्ही दिवस मुलीनेंच जावयाचें, हें आमच्या घरीं कोणीं ठरविलें नव्हतें. तें आपोआप ठरलें.

बरें, उरलेले सोमवार, बुधवार, शुक्रवार तरी तिचे असावेत! त्या दिवशीं नळदुरुस्तीवाला येई, विम्याच्या कागदांच्या प्रती काढावयाच्या असत, आम्हांस दांताच्या डॉक्टरांकडे जावयाचें असे. आमचे चिरंजीव हिंजवडीच्या एका कंपनीचें काम घरीं बसून करतात. त्यांच्या खोलीचें दार नुसतें लोटलेलें असलें तरी आमच्या घरांत कोणी टकटक करीत नाहीं. पुतणीच्या खोलींत मात्र आम्ही न विचारतां शिरत असूं. दोघेंही दिवसभर संगणकासमोरच बसलेलीं. फरक इतकाच कीं एका खोलींतील कामास पगार होता. पुतणीच्या जागीं पुतण्या असता तर आम्ही असेंच वागलों असतों काय? नसतों, असें आमचें मन आम्हांस सांगतें. आणि तें लिहितांना हात जड होतो.

नियमांकडूनही तिला आधार थोडाच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांत पीएच्. डी. ला प्रवेशापासून सहा वर्षांची मर्यादा आहे. पुनर्नोंदणीनें आणखी दोन व स्त्रियांस त्यावर दोन, म्हणजे झाडून सारीं दहा वर्षें. प्रसूति व बालसंगोपन यांसाठीं २४० दिवसांची रजा त्यांत आहे. आईबापांच्या दुखण्यासाठीं तशी रजा नाहीं. आणि २०२३ सालीं सहायक प्राध्यापकाच्या जागेस नेट अथवा सेट पुरे, पीएच्. डी. ऐच्छिक, असें ठरल्यावर आमच्याच एका नातलगांनीं तिला विचारलें, "मग हा खटाटोप कशास?" पांच वर्षें दफ्तरांत बसलेल्या मुलीनें यावर काय बोलावें? ती हंसली.

आषाढांत विम्याचा एक कागद शोधतांना तिच्या फाइलींत एका महाविद्यालयाचें मुलाखतीचें पत्र आम्हांस सांपडलें. जागा कायमची होती, तासिका तत्त्वावरील नव्हे. तारीख उलटून महिना झाला होता. आम्हीं विचारलें, "ही मुलाखत कशी झाली?" ती म्हणाली, "काका, तो गुरुवार होता."

त्या गुरुवारीं आम्ही काय करीत होतों हें आम्हीं आठवून पाहिलें. वर्तमानपत्रांतील शब्दकोडें सोडवीत होतों. बंधु कचेरींत होते, पण अर्ध्या दिवसाची रजा त्यांस मिळाली नसती असें नाहीं. तिनें आम्हांपैकीं कोणास विचारलें नाहीं, हें खरें. परंतु विचारतां येईल असें घर आम्हीं तिला ठेवलें होतें काय?

शाळेंत आइन्स्टाइनचें नांव आम्हीं शेंकडों वेळां घेतलें असेल, पण त्याच्या चरित्रांतील एक वर्ष आम्हांस आतां निराळें दिसूं लागलें. १९०० सालीं झुरिकला पदवी घेतल्यावर तो नोकरीसाठीं ठिकठिकाणच्या प्राध्यापकांस पत्रें लिहीत होता आणि उत्तरें येत नव्हतीं. १९०१ च्या एप्रिलांत त्याच्या वडिलांनीं, मुलास न सांगतां, लाइप्झिगच्या ऑस्टवाल्ड या प्राध्यापकांस पत्र लिहून मुलासाठीं दोन उत्तेजनाचे शब्द व जमल्यास साहाय्यकाची जागा मागितली. त्याच वर्षाच्या अखेरीस आइन्स्टाइननें प्रबंध विद्यापीठांत दिला व १९०२ च्या आरंभीं परत घेतला. २३० फ्रँक शुल्क परत मिळालें. ग्रॉसमन या मित्राच्या वडिलांनीं शब्द टाकला म्हणून जूनमध्यें बर्नच्या पेटंट कचेरींत जागा मिळाली, आणि ऑक्टोबरांत वडील मिलानला हृदयविकारानें वारले. १९०५ सालीं दुसरा प्रबंध मान्य झाला, तो त्यानें ग्रॉसमनला अर्पण केला. हातांतील एक काम त्याला खालीं ठेवावें लागलें होतें, आणि दुसरें एका मित्राच्या बापानें उचललें.

आषाढाच्या अखेरीस आम्हीं वांटणी केली. मंगळवार आमचा, गुरुवार बंधूंचा, शनिवार चिरंजीवांचा. पहिल्या मंगळवारीं आमची चांगलीच फजिती झाली. तेथील मुलानें "ड्राय वेट किती?" म्हणून विचारलें तेव्हां आम्ही त्याच्या तोंडाकडे पाहत राहिलों. अंगांत सांचलेलें पाणी वजा जातां जें वजन असावें तें, असें त्यानेंच समजाविलें. ज्या हातावर शस्त्रक्रियेनें धमनी व शीर जोडली आहे त्या हाताचा रक्तदाब घ्यावयाचा नाहीं, त्यांतून रक्त काढूं द्यावयाचें नाहीं, हेंही तेव्हां कळलें. पुतणीनें मग आम्हां तिघांसाठीं एक वही करून दिली. तींत एका पानावर "शहाळें नको, केळें नको, बटाटे चिरून भरपूर पाण्यांत उकडावे व तें पाणी टाकावें" असें होतें. मूत्रपिंडें गेल्यावर पोटॅशियम रक्तांत सांचतें व हृदय बंद पाडूं शकतें. आम्ही चैत्रापासून भावजयीसाठीं दर दोन दिवसांआड प्रेमानें शहाळीं आणीत होतों! तीं पुतणी मुकाट्यानें मोलकरणीच्या मुलांस देत असे.

भावजयीस ही अदलाबदल रुचेल कीं नाहीं, अशी आम्हांस धास्ती होती. यंत्रावर असतांना ती म्हणाली, "भाऊजी, ती शेजारीं बसली कीं मला तिचे तास मोजावेसे वाटत. तुमचे मोजावेसे वाटत नाहींत." यांत आमचा गौरव किती हें आम्हीं विचारलें नाहीं.

आतां आश्विन चालू आहे. तिसरें प्रकरण मार्गदर्शकांकडे गेलें आहे. दोन ठिकाणीं मुलाखती झाल्या. एक तासिका तत्त्वावरची, तिचा निकाल यावयाचा आहे. दुसऱ्या ठिकाणाहून नकार आला. भावजयीची प्रकृति कांहीं दिवस बरी, कांहीं दिवस नाहीं. गेल्या गुरुवारीं सकाळीं बंधूंचा इस्पितळांतून पुतणीला फोन आला. निळी फाइल घरीं राहिली होती. ती मोडीचीं छायाचित्रें पुढें घेऊन बसली होती, तिनें फोन उचलला नाहीं. मग तो आमच्याकडे वाजला. आम्ही उठलों, व ती फाइल शोधण्यास आम्हांस अर्धा तास लागला. फ्रिजवर होती.