नवव्या महिन्यात वारेची पारख

संत्र्याचे फळ देठातून पोसते. गर्भ पोसतो तो वारेतून. अन्न व प्राणवायू या दोहोंचा मार्ग तोच. दिवस भरता भरता वारेत चुन्याचे कण साठतात. यासच वार पिकणे म्हणतात. सोनोग्राफीवरून तिच्या शून्य ते तीन अशा श्रेणी १९७९ साली ठरविण्यात आल्या. अहवालातील ‘श्रेणी तीन’ हे शब्द वाचून घरची मंडळी घाबरतात. पण नवव्या महिन्याच्या अखेरीस ती आढळणे स्वाभाविक होय. मातेचा रक्तदाब वाढलेला असून ती फार अगोदर दिसली, तर मात्र डॉक्टरांची देखरेख हवी.

वार किती पिकली, यापेक्षा ती काम कसे करते, हे महत्त्वाचे. रुग्णालयात डॉप्लर तपासणीने नाळेतील रक्तप्रवाह पाहतात. खेड्यात साधी फीतही पुष्कळ सांगते. चोविसाव्या आठवड्यानंतर गर्भाशयाची उंची सेंटिमीटरांत साधारणपणे आठवड्यांइतकी भरते. ती वाढेनाशी झाली, की तपासणीस पाठवावे.

सर्वांत जवळची साक्ष मातेचीच. कापूस वेचणीच्या धांदलीत बाळाची हालचाल ध्यानात येत नाही. म्हणून जेवणानंतर तिने कुशीवर स्वस्थ पडून ती मोजावी. दिवस भरत आले की बाळ शांत होते, हा समज घातक आहे. दोन तासांत दहा हालचाली न जाणवल्यास, अथवा त्या नेहमीपेक्षा मंदावल्यास, सकाळची वाट न पाहता १०२ किंवा १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी आणि मातेस प्रसूतीची सोय असलेल्या जवळच्या रुग्णालयात, नागपुरात असल्यास डागा स्त्री रुग्णालयात, न्यावे.