आधी तपासा, मग ‘हो’ म्हणा

अपाची वेब सर्व्हरची नवी आवृत्ती बाहेर पडण्याआधी तिची उमेदवार प्रत तयार होते. मूळ कोडची संकुचित फाइल आणि सोबत डिजिटल सही. मग साधारण ७२ तास मतदान चालतं. नुसतं ‘हो’ म्हणून भागत नाही. फाइल उतरवून घ्यायची, सही पडताळायची, स्वतःच्या संगणकावर कोड कंपाइल करून चाचण्या चालवायच्या. स्वयंसेवकांनी पाळलेली ही शिस्त मला फार मोलाची वाटते. प्रकल्प सांभाळणाऱ्या समितीतल्या किमान ३ सदस्यांचा होकार हवा, आणि होकार नकारांपेक्षा जास्त. एकट्याला नकाराधिकार नसतो. तरीही दोष सापडला की प्रत मागे घेतली जाते. म्हणूनच आवृत्ती २.४.४१ नंतर थेट २.४.४३ आली, २.४.४२ कधी प्रकाशितच झाली नाही.