'वांड' मूल आणि शाळा

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. मूल शाळेच्या उंबरठ्यापर्यंत आणावयाचे कसे, हा त्या काळचा प्रश्न होता. तो आता बराचसा सुटला आहे. मात्र उंबरठा ओलांडून आत आलेले प्रत्येक मूल आत टिकतेच असे नाही. बाके आपटणारे, शेजारच्या मुलाला बोचकारणारे, गुरुजींच्या अंगावर धावून जाणारे, तास चालू असताना वर्गातून पळून जाणारे एखादे तरी मूल बहुतेक शाळांत असते. आपल्याकडे त्याला 'वांड' म्हणतात आणि एकदा हे नाव पडले की ते दाखल्याबरोबर पुढच्या शाळेत जाते. अशा मुलाला शाळेने सांभाळावे कसे, याचा विचार येथे करावयाचा आहे. या अंकाच्या वाचकांपैकी काहीजण उद्या शिक्षक होतील, पुष्कळजण आईबाप होतील. तेव्हा हा प्रश्न कोणालाच परका नाही.

प्रथम कारणांकडे पाहू. अशा वागण्याचे मूळ केवळ खोडकरपणात असते, हा समज चुकीचा आहे. कानाने कमी ऐकू येणारे मूल सूचना पाळत नाही आणि ते उद्धट ठरते. अक्षरे ओळखण्याची मूळचीच अडचण असलेले मूल वाचनाची पाळी आली की दंगा करते. कारण 'ढ' ठरण्यापेक्षा 'दांडगा' ठरणे त्याला सोयीचे वाटते. काही मुलांना एका जागी बसणे व लक्ष स्थिर ठेवणे खरोखरच जमत नाही. स्वमग्न मुलाला वर्गातला गलका असह्य होतो. घरातील मारहाण, दारू, उपासमार, एखाद्या जिवलगाचा मृत्यू हीही कारणे असतात. कित्येकदा यांतील दोनतीन गोष्टी एकत्र असतात. म्हणून 'या मुलाला काय शिक्षा करावी?' हा प्रश्न बाजूला ठेवून 'या मुलाला काय जमत नाही?' असा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

याचे उत्तर मिळविण्याचा एक साधा उपाय आहे व त्याला एका वहीपलीकडे खर्च नाही. वहीत तीन रकाने आखावेत: आधी काय घडले, मुलाने काय केले, नंतर काय झाले. दोन आठवडे प्रत्येक प्रसंग वेळेसह टिपून ठेवावा. कल्पना करा, सहावीतला एक मुलगा पुस्तक फाडतो, शेजाऱ्याला मारतो. 'रोजच दंगा करतो', अशी त्याच्याविषयी तक्रार आहे. वही पाहिल्यावर मात्र असे दिसते की, दहापैकी आठ प्रसंग मोठ्याने वाचन करण्याच्या तासाला घडले आणि प्रत्येक वेळी त्याला वर्गाबाहेर उभे करण्यात आले. म्हणजे ज्या वाचनापासून त्याला सुटका हवी होती, ती शाळेनेच त्याला मिळवून दिली! शिक्षा समजून जे दिले, ते त्याच्या लेखी बक्षीस ठरले.

एवढे कळले की पुढची वाट दिसते. त्याचे डोळे व कान तपासून घ्यावेत. चारचौघांत वाचायला लावण्याऐवजी उतारा आदल्या दिवशी त्याला एकट्याला वाचून दाखवावा व दोनच ओळींची पाळी द्यावी. राग चढू लागला आहे, हे सांगण्याची एखादी खूण ठरवावी आणि खूण केली की पाच मिनिटे शांत जागी बसण्याची मुभा द्यावी. पाच मिनिटांनी परत यायचे आणि त्या दोन ओळी वाचायच्याच, हेही आधीच ठरलेले असावे. प्रत्यक्ष भडका उडालेला असताना उपदेश करू नये; त्या वेळी कोणाच्याच डोक्यात तो शिरत नाही. आवाज खाली ठेवावा, इतर मुलांना दूर करावे, बोलणे नंतर करावे. शाळेतील एक शिक्षक किंवा शिपाईमामासुद्धा त्या मुलाचे 'हक्काचे माणूस' व्हावे आणि रोज सकाळी दोन मिनिटे त्याच्याशी बोलावे. आईला केवळ तक्रार ऐकण्यासाठी बोलावले जाते, तेव्हा घरी गेल्यावर मुलाच्या पाठीवर वळ उठतात. आठवड्यातून एकदा तरी चांगली बातमी घरी गेली, तर आईबापांनाही शाळेत यावेसे वाटते.

येथे एक आक्षेप येतो व तो रास्त आहे. वर्गात पन्नास मुले असताना एकासाठी एवढे कोणी करावे? आणि ज्याला मार बसला त्या मुलाचे काय? त्या मुलाचे संरक्षण झालेच पाहिजे. शिक्षा न करणे म्हणजे मोकाट सोडणे असा अर्थ नाही. मोडलेले बाक मोडणाऱ्यानेच शिक्षकाच्या मदतीने दुरुस्त करावे. ज्याला मारले त्याच्यासाठी काहीतरी भरपाईचे काम करावे. नियम मोजकेच असावेत, पण ते सर्व शिक्षकांनी सारखेच पाळावेत. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दंग्याचा जुना लाभ बंद झाला की पहिले काही दिवस दंगा वाढतो. येथेच बहुतेक शाळांचा धीर सुटतो.

पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियात ऑगस्ट आयकहॉर्न या शिक्षकाने नेमका हाच अनुभव घेतला. वसतिगृहातील सर्वांत आक्रमक बारा मुलांचा त्याने वेगळा गट केला आणि शिक्षा न करता स्नेहाने वागण्याची सूचना सहकाऱ्यांना दिली. मुलांनी सामानसुमान फोडले, खिडक्यांच्या काचा फोडल्या. दंगा शिगेला पोचला आणि मग हळूहळू ओसरला. मुले माणसांवर विश्वास ठेवू लागली. ही हकिकत त्याने १९२५ साली ग्रंथरूपाने मांडली. त्या पुस्तकाला फ्रॉइडची प्रस्तावना आहे.

भयमुक्त शाळेसाठी मात्र ऑस्ट्रियापर्यंत जाण्याची गरज नाही. लीलाताई पाटील (१९२७-२०२०) यांनी १९८५ साली कोल्हापुरातच 'सृजन आनंद विद्यालय' सुरू केले. शिक्षक घडविण्याचे काम केलेल्या या बाईंनी लहान मुलांची मराठी शाळा काढली आणि तीत शिक्षेला व भीतीला थारा दिला नाही. मुलाला शिकण्यात रस वाटू लागला की शिस्तीचा बराचसा प्रश्न उरत नाही, ही त्यामागची श्रद्धा होती.

आता कायदाही याच बाजूला आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई केली आहे आणि प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता व अध्ययन अक्षमता यांचा समावेश आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांत येतात, तेव्हा वर्तनाच्या अडचणीही त्यांना सांगता येतात. कोल्हापुरात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाचा आधार आहे. मानसोपचाराच्या नावाने 'वेडाचा शिक्का बसेल' म्हणून बिचकणाऱ्या पालकांची समजूत मुख्याध्यापकांनी घातली पाहिजे.

तरीही मुलाला बाहेर घालविण्याच्या आडवाटा उरतातच. 'तुम्हीच दाखला काढून न्या' असे पालकांना हळूच सुचविले जाते. एक शाळा सुटते, दुसरी सुटते. मग शिकण्याचे वय रस्त्यावर जाते आणि तेथे 'हक्काचे माणूस' होण्यास भलतीच माणसे तयार असतात. पुढे तेच मूल निरीक्षणगृहात आले, तर समाज म्हणतो, 'आम्हांला ठाऊकच होते!' सहावीत असताना त्याला वाचता येत नव्हते, एवढी गोष्ट मात्र कोणालाच ठाऊक नसते.

शंभर वर्षांपूर्वी या संस्थानाने मूल घरी ठेवणाऱ्या बापाला एक रुपया दंड केला. शाळेत आलेले मूल परत घालविणाऱ्यास असा दंड नाही. त्याची किंमत ते मूल भरते. उद्याच्या शिक्षकांनी ती वेळ येऊ देऊ नये. पहिल्या दिवशी वहीवर तीन रकाने आखून सुरुवात करावी.